बीटी पिकाचा परोपजीवी गांधीलमाशीवरचा परिणाम कसा तपासावा

बीटी पीक म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्याने अळ्या मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारं पीक, आणि परोपजीवी गांधीलमाशी म्हणजे किडीच्या अळीत अंडी घालणारी, जिची पिल्लं त्या अळीवर वाढतात अशी माशी. बीटी झाडांवर अशा माश्या कमी निघाल्या, की बीटी प्रथिनाने त्यांना मारलं असा निष्कर्ष घाईने काढला जातो. पण अळीच आधी मेली तर तिच्या पोटातली माशी उपासमारीने जाते. ही विषबाधा नव्हे. चाचणीत हे दोन परिणाम वेगळे दिसायलाच हवेत, म्हणून बीटीला प्रतिकारक झालेल्या, म्हणजे बीटी खाऊनही न मरणाऱ्या अळ्या वापरा.

चौकोनी ठिपक्याचा पतंग (कोबीवर्गीय पिकांची कीड) आणि त्याच्या अळीत वाढणारी परोपजीवी माशी कोटेशिया वेस्टालिस ही जोडी सोयीची. बीटी ब्रोकोली आणि त्याच वाणाची बिगर-बीटी रोपं घ्या. बीटीच्या प्रत्येक रोपात प्रथिन असल्याची स्ट्रिपने (प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीपट्टीने) खात्री करा. प्रतिकारक वसाहतीतल्या (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या) काही अळ्या दर पिढीला बीटी पानावर सोडून बघा. त्या मरू लागल्या तर वसाहतीत भेसळ झाली आहे, पुढचे आकडे धरू नका.

दुसऱ्या अवस्थेतल्या 10 अळ्या आणि मिलन झालेली एक मादी डबीत 2 तास एकत्र ठेवा. मग अळ्या आपापल्या गटाच्या पानांवर, 25 अंश सेल्सिअसला वाढवा. प्रत्येक गटात किमान 15 माद्या हव्यात. मिलन न झालेल्या मादीच्या अंड्यांतून फक्त नर निघतात. ही चूक झाली तर लिंगगुणोत्तर बिघडतं आणि खापर पिकावर फुटतं.

माशीची अळी यजमानाच्या, म्हणजे ज्या पतंगाच्या अळीत ती वाढली तिच्या अंगातून बाहेर पडून शेजारीच पांढरा, तांदळाच्या दाण्यासारखा कोष विणते. कोष लागण्याचे दिवस, कोषाचं वजन, बाहेर आलेल्या माश्या आणि मागच्या पायाच्या नडगीची लांबी नोंदवा. नडगी आखूड म्हणजे माशी लहान राहिली; यजमान अशक्त असल्याचं ते लक्षण असू शकतं.

कीटकनाशकाचा गट वगळू नका. अळी ज्याला प्रतिकारक आहे असंच औषध निवडा, म्हणजे अळी जगेल आणि औषधाचा मार माशीवर दिसेल. इथेही माश्या सुखरूप राहिल्या तर चाचणीच बोथट आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायाडेग्मा इन्स्युलेअर ही माशी अशीच तपासली होती: प्रतिकारक अळ्या असूनही कीटकनाशकांनी तिला मारलं, बीटी ब्रोकोलीने नाही.

प्रौढ माशीची चाचणी वेगळी लावा. शुद्ध प्रथिन साखरपाण्यात मिसळून कापसाच्या बोळ्यावर द्या, बोळा रोज बदला आणि काढलेल्या बोळ्यातलं प्रथिन एलायझाने (प्रथिनाचं प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने) मोजा. प्रथिन विघटित झालं असेल तर माशीने नुसतं साखरपाणी प्यायलेलं असतं.