अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर लिहिताना या चुका टाळा

वसाहती साम्राज्यापासून तुटल्या कशा, आणि तुटल्यानंतर त्यांचे एक राष्ट्र झाले कसे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना मला वर्षानुवर्षे हेच दिसते की पहिल्या प्रश्नाचे उत्तर घाईने दिलेले असते आणि दुसरा प्रश्न विचारलेलाच नसतो.

सर्वांत जास्त वेळा भेटणारी चूक चहाची आहे. ‘इंग्लंडने चहावर जबर कर लादला, चहा महागला, म्हणून संतापलेल्या लोकांनी बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या’ हे वाक्य जवळपास प्रत्येक निबंधात असते. वस्तुस्थिती उलट आहे. मे १७७३ च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती आणि तिच्या लंडनच्या गोदामांत न विकलेल्या चहाचे ढीग पडले होते. कंपनीला वाचवण्यासाठी पार्लमेंटने तिला इंग्लंडमधील जकातीचा परतावा दिला आणि लंडनचे व्यापारी वगळून, स्वतः निवडलेल्या आडत्यांमार्फत थेट अमेरिकेत चहा विकण्याची मुभा दिली. वसाहतींत लागणारा पौंडामागे तीन पेन्सचा कर नवा नव्हता. तो १७६७ पासूनचा होता आणि १७७० मध्ये त्याच्या जोडीचे बाकीचे कर उठवले तेव्हा तेवढा एकच मुद्दाम ठेवला गेला होता. तो भरूनही कंपनीचा चहा चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहाशी किमतीत टक्कर देऊ शकत होता.

मग संताप कशाचा? स्थानिक व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता, तस्करांचाही बसणार होता, आणि बोस्टनच्या आडत्यांमध्ये बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत होते तिच्या खुद्द गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते. याहून मोठी गोष्ट अशी की स्वस्ताईच्या मोहाने तो चहा विकत घेणे म्हणजे, ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही तिला आपल्यावर कर बसवण्याचा अधिकार आहे, हे मान्य करणे होते. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, त्या या तत्त्वापायी.

एका अभ्यासिकेतील सराव मुलाखतीत मी मंडळावर होतो. समोरचा तरुण हुशार होता आणि त्याला सनावळी तोंडपाठ होती. ‘चहा महागला’ हे त्याने ठामपणे सांगितल्यावर मी विचारले, “कंपनी बुडत होती, तर तिला सावरण्यासाठी सरकार तिचा माल महाग कसा करील?” तो थांबला. शेजारच्या सदस्यांनी विचारले, “हा चहा कुठला होता?” त्याने आसामचा म्हणून सांगितले. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला तो १८३९ साली. बोस्टनच्या पाण्यात पडलेला सगळा चहा चीनचा होता. पुढच्या प्रश्नांना त्याचा आवाजच निघेना. बाहेर आल्यावर त्याने मला त्याच्या टिपणांची झेरॉक्स दाखवली. संपूर्ण अमेरिकन क्रांती एका पानात बसवली होती आणि ‘कर, चहा, युद्ध, स्वातंत्र्य’ असे बाण काढले होते. असल्या एकपानी टिपणांचा मला मनापासून राग आहे, कारण घटनांमधली कारणेच त्या बाणांखाली गाडली जातात. माझी स्वतःची सवय अशी की कोणताही कायदा वाचला की वहीत त्याच्यापुढे दोन नावे लिहायची: यात कोणाचा फायदा झाला आणि कोण बुडाले. ती लिहिता आली नाहीत, तर तो कायदा मला अजून समजलेला नाही असे मी धरतो.

वसाहतींना पहिल्यापासून स्वातंत्र्यच हवे होते, असे लिहू नये. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे युद्धाच्या पहिल्याच चकमकींत रक्त सांडल्यानंतरही, जुलैमध्ये त्यांच्या काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजा तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज पाठवला होता. त्याने तो स्वीकारला नाही आणि ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवले.

अमेरिकेतील सगळ्या ब्रिटिश वसाहती उठल्या, हेही खरे नाही. क्वीबेक, नोव्हा स्कोशिया, जमैका, बार्बाडोस या साम्राज्यातच राहिल्या. फक्त तेरा वसाहती उठल्या; तेराच का, हा विचार निबंधात एकदा तरी यायला हवा.

आता दुसरी मोठी चूक, जी मला पहिलीपेक्षाही जास्त खटकते. ‘४ जुलै १७७६ रोजी अमेरिका हे राष्ट्र जन्माला आले’ असे लिहून निबंध संपवला जातो. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला झाला, जाहीरनाम्याचा मजकूर ४ जुलैला मंजूर झाला आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या, हा तपशील सोडून दिला तरी चालेल. पण १७७६ ते १७८९ ही तेरा वर्षे सोडून कशी चालतील? १७८३ च्या पॅरिसच्या तहात इंग्लंडच्या राजाने मान्यता दिली ती तेरा राज्यांना, एकेकाचे नाव घेऊन. त्यांना बांधणारा ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ हा करार १७८१ साली अमलात आला होता, पण त्याखालच्या काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागत असे, आणि राज्ये देत नसत. आयातीवर पाच टक्के जकात घेण्याचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने अडला, कारण करारात बदल करायला सर्व राज्यांची संमती लागे. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला आणि काँग्रेसला प्रिन्सटनला निघून जावे लागले. १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली न्यायालये बंद पाडली, तेव्हा त्यांच्यावर धाडलेल्या फौजेचा खर्च बोस्टनच्या सावकार-व्यापाऱ्यांनी उचलला.

या धास्तीतून १७८७ ची फिलाडेल्फियाची सभा भरली आणि राज्यघटना लिहिली गेली. तिला मंजुरीही सहज मिळाली नाही: मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ मते पडली. गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांना सोबत ठेवण्यासाठी, प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश मोजणी (पाच गुलाम म्हणजे तीन माणसे) करण्याची तडजोड झाली, आणि त्या तडजोडीचा उल्लेख टाळणारा निबंध मी अपुरा समजतो. मी वहीचे पान उभे दुभागतो. डावीकडे तुटण्याच्या घटना, उजवीकडे जुळण्याच्या. विद्यार्थ्यांना हे करायला सांगितले की डावी बाजू तासाभरात भरते आणि उजवी कोरी राहते, आणि अधीर मंडळी तेवढ्यावरच लिहायला बसतात. उजवी बाजू भरेपर्यंत लेखणी उचलू नये.

फ्रान्सने स्वातंत्र्याच्या प्रेमापोटी मदत केली, असे लिहू नका. सप्तवार्षिक युद्धात इंग्लंडकडून झालेल्या १७६३ च्या पराभवाचा वचपा त्याला काढायचा होता. वॉशिंग्टनने जाहीरनाम्यावर सही केली, असेही लिहू नका; सरसेनापती असलेल्या त्याने ती केली नाही, तो तेव्हा न्यूयॉर्कला सैन्यासोबत होता.

आपल्याकडच्या लेखांत आणखी एक चूक दिसते. हे युद्ध आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध (१७७५ ते १७८२) एकाच काळात झाले, म्हणून पेशव्यांनी अमेरिकेला स्वातंत्र्य मिळवून दिल्याच्या थाटात काही जण लिहितात. दोन्हीकडचा शत्रू एक होता आणि फ्रेंच वकील सेंट लुबिन १७७७ मध्ये पुण्यात आला होता, एवढे पुराव्याने सांगता येते आणि तेवढेच सांगावे. खरा दुवा यॉर्कटाउनचा आहे. तेथे १९ ऑक्टोबर १७८१ रोजी ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शरणागती पत्करली, म्हणून ब्रिटिश साम्राज्य खचले असे निबंधांत लिहिलेले असते. पण तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आला, टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे त्याच्या बाजूने लढले, आणि १७९३ मध्ये त्याने बंगालमध्ये कायमधारा, म्हणजे जमीनमहसूल कायमचा ठरवून देण्याची पद्धत, लागू केला.