मेसिनाला येताय? सामुद्रधुनी ओलांडायची ती अशी

ऑगस्ट उजाडला की पुण्या-नाशिककडून मेसेज सुरू होतात. "ताई, मेसिनाला ॲडमिशन झालंय, रोमला उतरतोय, पुढे कसं येऊ?" मेसिना म्हणजे इटलीच्या सिसिली बेटावरचं बंदराचं शहर, मुख्य भूमीपासून एका सामुद्रधुनीने तुटलेलं. सगळ्यांना तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

बहुतेक जण आधी तिकिटाचे दर बघतात. तुम्ही आधी आपल्या बॅगा बघा. घरून निघताना आईने लोणचं, भाजणी, कुकर असं सगळं भरून दिलेलं असणार. रोमहून सिसिलीतल्याच कातानिया शहराला स्वस्त विमानं आहेत, पण त्यात मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि पुढे मेसिनापर्यंत बस आहेच. त्यामुळे पहिल्या खेपेला मी सगळ्यांना एकच सांगते: रोमा तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनहून सिसिलीला जाणारी थेट इंटरसिटी पकडा, जमलं तर रात्रीची. वेळ जास्त लागतो, साधारण आठ तास किंवा थोडं अधिकच, पण बॅगा एकदा चढवल्या की मेसिनालाच उतरवायच्या.

मध्ये समुद्र आहे त्याचं काय? गाडीच बोटीत शिरते. कोकण रेल्वेवर कोलाडहून भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढून जातात ना, इथे रेल्वेचे डबे बोटीवर चढतात. मुख्य भूमीच्या टोकाला व्हिला सान जोव्हानी नावाचं स्टेशन आहे. तिथे गाडीचे भाग सुटे करतात आणि डबे ढकलत बोटीच्या पोटात नेतात, आत शेजारी शेजारी रूळ आहेत. हे 1899 पासून चालू आहे. पुलाच्या गप्पा त्याहून जुन्या, पूल अजून झालेला नाही. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम तीन किलोमीटर, पण डबे चढवणं-उतरवणं धरून दीड-दोन तास सहज जातात. झोपेत धक्के बसले, गाडी मागे-पुढे झाली तर घाबरू नका. शंटिंग, म्हणजे डबे सोडणं-जोडणं, चाललेलं असतं.

जुन्या डब्यांची वीज या वेळात तुटते आणि एसी बंद पडतो. उन्हाळ्यात आत उकडतं, म्हणून पासपोर्ट, पैसे, लॅपटॉप खांद्याला लावून वर डेकवर जा. जाण्याआधी डब्याचा नंबर आणि कुठल्या जिन्याने वर आलात ते लक्षात ठेवा, खाली सगळे डबे सारखेच दिसतात. परतण्याची घोषणा झाली की लगेच खाली या. आणखी एक, काही गाड्या मेसिनात दुभागतात, काही डबे सिसिलीतल्याच पालेर्मो शहराला जातात, काही कातानियामार्गे सिराकुसाला. तुम्हाला मेसिनालाच उतरायचं असेल तर फरक पडत नाही, पण पुढे जायचं असेल तर तिकिटावरच्या डब्यातच बसा. मित्राशेजारी जागा रिकामी आहे म्हणून बसलात, तर कातानियाऐवजी पालेर्मोला पोचाल.

बोटीवरच्या बारमध्ये आरांचिनो मिळतो, भाताचा तळलेला गोळा. शाकाहारी मंडळींनी जपून. 'अल रागू'मध्ये मटण-खिम्यासारखं मांस असतंच, पण 'अल बुर्रो' हे लोण्याचं नाव ऐकून फसू नका, त्यात चीजबरोबर बहुतेकदा हॅम असतो. 'आल्ला नोर्मा' म्हणजे वांग्याचा, तो चालेल. तरी "सेन्झा कार्ने?", म्हणजे 'मांसाशिवाय?', असं विचारून घ्या.

पुढच्या खेपांना, पाठीवर एकच सॅक असेल तेव्हा, दुसरा रस्ता बरा. रोमहून वेगवान गाडी पाच तासांच्या आसपास व्हिला सान जोव्हानीला आणते, तिथे उतरून पायी बोट गाठायची. पण कुठली बोट हे महत्त्वाचं. ब्लू जेट कंपनीच्या फक्त प्रवाशांच्या वेगवान बोटी मेसिनाच्या रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या धक्क्यावर लागतात. कारोंते अँड टुरिस्ट कंपनीच्या मोठ्या, मोटारी नेणाऱ्या फेरीबोटी पलीकडे उत्तरेला राडा सान फ्रान्चेस्को धक्क्याला लागतात, तिथून स्टेशन दोनेक किलोमीटर. प्रवास वीसेक मिनिटांचाच, तिकीट काही युरोंचं. मात्र मोठ्या फेरीबोटी रात्रभर असतात, वेगवान बोटी नसतात. तुमची गाडी उशिरा पोचली तर हा फरक कळेल.

नापोलीहून (म्हणजे नेपल्सहून) पालेर्मोला रात्रभराची मोठी बोटही जाते. संध्याकाळी निघते, सकाळी पोचवते. केबिन, आरामखुर्ची की नुसता डेक, यावर दर ठरतो. खुर्चीचं तिकीट काढलंत तर शाल हाताशी ठेवा, एसी बेफाम असतो. मोटार बरोबर असेल तर लागेल ते सगळं वर आणा, बोट चालू असताना गॅरेज बंद असतं. मला ही बोट आवडते, पण मेसिनाला येणाऱ्याने ती घेण्यात अर्थ नाही, पालेर्मोहून परत तीन तास गाडीत बसायचं.

ज्यांना बोट लागते त्यांनी सामुद्रधुनीची काळजी करू नये, वीस मिनिटांत काही होत नाही. रात्रीच्या बोटीला मात्र हिवाळ्यात समुद्र खवळलेला असतो. आल्याच्या वड्या आणल्या असतील तर त्या इथे कामाला येतात. जहाजाच्या मधल्या, खालच्या भागात बसा.

निघण्याआधी संपाच्या बातम्या बघाच. संपाला 'शोपेरो' म्हणतात, तारीख आधी जाहीर होते, आणि शुक्रवार या लोकांना विशेष प्रिय आहे.

किनारा बदलला तरी देश तोच, त्यामुळे मध्ये इमिग्रेशन नाही. तरी पासपोर्ट खोल बॅगेत कोंबू नका. बंदराच्या तोंडाशी उंच खांबावर सोनेरी मादोन्ना, म्हणजे मेरीमातेचा पुतळा, दिसली की मेसिना आलं. शहर 1908 च्या भूकंपात जवळजवळ पूर्ण कोसळलं होतं, म्हणून जुनं इटली शोधणाऱ्यांची इथे निराशा होते. रस्ते रुंद आणि इमारती विसाव्या शतकातल्या. तांदूळ, डाळ, मसाल्यांसाठी श्रीलंकन दुकानं विचारा.

पोचल्यावर झोप काढा, पण फार नाही. इटलीत पाऊल ठेवल्यापासून कामाच्या 8 दिवसांत पर्मेस्सो दी सोज्जोर्नोचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, अर्ज पोस्टात द्यायचा असतो. सगळ्या पोस्टांत तो घेत नाहीत, 'स्पोर्तेल्लो अमिको' असं लिहिलेली खिडकी शोधा. तिथे अर्जाचं पाकीट फुकट मिळतं. अर्जाला लागणारा 16 युरोंचा सरकारी स्टँप पोस्टात नाही, तंबाखूच्या दुकानात घ्यायचा, तो आधीच घेऊन जा. सकाळी लवकर जा. अर्जावर मिळालेली पावती परवाना हातात येईपर्यंत जवळ बाळगा, आणि तिचा फोटो घरच्यांनाही पाठवून ठेवा.