डेबियन उतरवण्याआधी: टॉरेंटची तयारी

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तालुक्यातल्या एका शाळेचे जुने लॅपटॉप डेबियन ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून चालू करून देणं हे माझं ठरलेलं काम. त्याची फाइल मी टॉरेंटनेच आणतो, आणि दरवर्षी कोणीतरी दबक्या आवाजात विचारतंच, "टॉरेंट म्हणजे चोरीचंच ना हो?" नाही. टॉरेंट ही फाइल तुकड्या-तुकड्यांनी एकमेकांत वाटायची एक पद्धत आहे. ब्रॅम कोहेन यांनी ती २००१ मध्ये आणली, आणि डेबियनवाले आपल्या फाइलींचे टॉरेंट स्वतःच देतात. चोरीचे सिनेमेही त्याच वाटेने येतात हे खरं. पण तिथे लोक एक गोष्ट विसरतात: टॉरेंटमध्ये घेता घेता तुम्ही वाटतही असता. त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यासमोर ‘मी फक्त बघायला घेतलं’ ही सबब लंगडी पडते.

तेव्हा सगळ्यात आधी नेमकं काय आणायचं ते ठरवा. लॅपटॉप ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे पाहिल्याशिवाय काही उतरवू नका. डेबियन १३ पासून ३२ बिटसाठी इन्स्टॉलर निघतच नाही. तसलं जुनं यंत्र असेल तर १२ वरच थांबावं लागतं. नेटइन्स्ट नावाची फाइल १ जीबीच्या आत बसते, पण बाकीचं सगळं बसवताना नेटवरून ओढते. शाळेत नेट असेलच याची खात्री नसते, म्हणून मी पहिल्या डीव्हीडीची मोठी फाइल घेतो. तिच्यात डेस्कटॉपसुद्धा येतो.

क्लायंट, म्हणजे टॉरेंट उतरवणारा प्रोग्राम, म्हणून मी क्यूबिटटॉरेंट वापरतो. फुकट, खुला, जाहिराती नाहीत. तो ‘डॉट ओआरजी’ असलेल्या मूळ साइटवरूनच घ्या. त्याच नावाची, शेवट वेगळा असलेली नकली साइटही आहे. ट्रान्समिशन नावाचा क्लायंटही चांगला, फक्त त्यात सेटिंग कमी.

डिस्कवर किती जागा उरली आहे ते पाहा, आणि फाइलच्या दुप्पट तरी मोकळी ठेवा. फाइल थेट पेन ड्राइव्हवर उतरवायचा मोह टाळा. बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. शिवाय टॉरेंटचे तुकडे वाटेल त्या क्रमाने येतात आणि त्या सततच्या लिहिण्याने पेन ड्राइव्ह रडकुंडीला येतो. सेटिंगमध्ये जागा आधीच राखून ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. अर्धवट फाइलींसाठी वेगळा फोल्डर द्या, म्हणजे घरातलं दुसरं कोणी अपुरी फाइल पूर्ण समजून उचलणार नाही.

आता वेग. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. नेट कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, क्लायंट बाइटमध्ये दाखवतो. मध्ये भागाकार ८ चा. ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी येणार, त्यामुळे ‘साडेचारच येतंय’ म्हणून फोन करून भांडू नका. डाउनलोड मोकळा सोडला तरी चालेल, अपलोडला मात्र मर्यादा घालाच. अपलोडची वाट तुंबली की आलेल्या डेटाची पोचपावतीसुद्धा वेळेवर जात नाही. मग डाउनलोड मंदावतं आणि शेजारच्या खोलीत चाललेला ऑनलाइन क्लास अडखळायला लागतो. अपलोडच्या खऱ्या वेगाच्या ८० टक्के हा माझा हिशोब: ४० मेगाबिटला साधारण ४००० केबी. दिवसा याच्याही निम्मं आणि रात्री अकरानंतर पूर्ण, असं वेळापत्रक क्लायंटमध्येच लावता येतं. मर्यादा अगदी शून्याजवळ नेऊ नका. जो देतो त्याला इतर यंत्रं आधी देतात, अशीच या पद्धतीची घडण आहे. शेजारणीकडून आलेलं भांडं आपण रिकामं परत पाठवत नाही, तसंच हे.

प्लॅन ‘अनलिमिटेड’ असला तरी महिन्याची मर्यादा बारीक अक्षरात लिहिलेली असते. अपलोडही त्यात धरतात का, ते एकदा वाचून घ्या.

पोर्टचं, म्हणजे बाहेरच्यांनी आपल्या क्लायंटशी जोडायच्या आकडा दिलेल्या दाराचं, काम थोडं किचकट आहे. ६८८१ हा जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला पोर्ट. काही ठिकाणी तो मुद्दाम अडवतात, म्हणून त्याहून वरचा कुठलाही मोठा आकडा निवडा. राउटरमध्ये यूपीएनपी ही सोय चालू असेल तर पोर्ट आपोआप उघडतो, नाहीतर हाताने फॉरवर्ड करावा लागतो. एवढं करूनही बाहेरून कोणी जोडलं जात नसेल, तर राउटरला कंपनीकडून मिळालेला आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं कोंबली आहेत आणि राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ. माझे दोन रविवार यात गेले. अशा वेळी आयपीव्ही-६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू आहे का ते पाहा. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट द्यावी लागते. काहीच जमलं नाही तरी डाउनलोड होतंच, कारण जोडणी आपल्या बाजूने सुरू करता येते. अडतं ते सीडिंग, म्हणजे उतरलेली फाइल इतरांना देत राहणं.

टॉरेंट डेबियनच्याच साइटवरून घ्या. प्रत्येक तुकडा हॅशशी, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्याशी, ताडून मगच स्वीकारला जातो, त्यामुळे वाटेत फाइल बिघडायची भीती नाही. पण व्हॉट्सॲपवर कोणी मॅग्नेट लिंक (टॉरेंट सुरू करणारी लिंक) पाठवली, तर त्यातला हॅश एवढंच सांगतो की फाइल त्या लिंकप्रमाणे आहे. ती अस्सल आहे असं नव्हे. म्हणून उतरलेल्या पूर्ण फाइलचा एसएचए-२५६ हा हॅश डेबियनच्या साइटवरच्या आकड्याशी एकदा जुळवा. तुकडे क्रमाने उतरवायचा पर्याय बंदच असू द्या. क्लायंट दुर्मिळ तुकडा आधी मागतो, आणि त्यामुळेच सगळ्यांची फाइल ९९ टक्क्यांवर अडकत नाही.

फाइल पूर्ण झाली की ती फोल्डरमधून ओढून दुसरीकडे टाकू नका, नावही बदलू नका. क्लायंटला ती सापडणार नाही आणि सीडिंग थांबेल. हलवायचीच असेल तर क्लायंटमधूनच जागा बदला. वीज गेली तर घाबरायचं कारण नाही, फेरतपासणीचा आदेश द्या, खराब झालेले तेवढेच तुकडे पुन्हा येतील. राउटरला छोटा यूपीएस मात्र जरूर घ्या, पावसाळ्यात तो पैसे फेडतो. रेशो १ म्हणजे घेतलं तेवढं दिलं. मी मर्यादा ३ वर ठेवली आहे.

आणि दोनेक महिन्यांनी एकदा क्लायंटमधली टॉरेंटची यादी उघडून पाहा. डेबियन १३.१, १३.२ असे दुरुस्त हप्ते काढत असतं. जुना हप्ता फारसा कोणी मागत नाही. तो काढा, नवा लावा.