संकल्पचित्राच्या तासाला टॅबलेट कसा वापरावा

शाळेत टॅबलेट आले म्हणजे चित्रकलेचा प्रत्येक तास त्यांच्यावरच घेतला पाहिजे असे नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा कागदावर द्यायच्या असल्यामुळे स्थिरचित्र किंवा स्मरणचित्र पडद्यावर काढून घेण्यात फारसे हशील नाही. संकल्पचित्राची, म्हणजे ठरावीक आकारात रचून रंगवलेल्या नक्षीची, गोष्ट वेगळी आहे. तिथे एकाच नक्षीच्या तीन-चार रंगसंगती पडताळून पाहाव्या लागतात आणि कागदावर तेवढे करायला एका तासिकेत वेळ पुरत नाही.

अँड्रॉइड टॅबलेटवर क्रिता हे चित्र काढण्याचे ॲप विनामूल्य मिळते. तशाच कामाचे प्रोक्रिएट विकत घ्यावे लागते आणि ते फक्त आयपॅडवर चालते. ए-फोर आकाराच्या चित्रासाठी ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, पण जुन्या टॅबलेटवर लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, वाढले की काम रखडते, म्हणून सरावासाठी १२४० × १७५४ पुरेसे आहे. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय आणि आपोआप कमी-जास्त होणारा प्रकाश तास सुरू होण्यापूर्वीच बंद करावा, अन्यथा शेजारी बसलेल्या दोघांना एकच रंग वेगवेगळा दिसतो.

खरी अडचण रंगांचीच असते. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा पोपटी पोस्टर कलरमधून कितीही मिसळला तरी निघत नाही, आणि मुले नेमकी त्यावरच भाळतात. यावर उपाय असा की, पेटीतल्या प्रत्येक रंगाचा एक चौकोन ड्रॉइंग पेपरवर रंगवावा, वाळल्यावर खिडकीच्या उजेडात त्याचा फोटो घ्यावा, तो चित्राच्या फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर आणावा आणि रंग केवळ त्यातूनच उचलायचे असा नियम वर्गाला घालून द्यावा.

वर्तुळातील नक्षीसाठी क्रितातील मल्टिब्रशची (एकच रेघ एकाच वेळी अनेक जागी उमटवणाऱ्या साधनाची) संख्या आठ ठेवावी, म्हणजे एका भागात काढलेले पान उरलेल्या सात भागांतही उमटते. ही सोय देण्यापूर्वी किमान एक नक्षी कंपास आणि पट्टीने करून घ्यावी, कारण परीक्षेत वर्तुळाचे भाग हातानेच पाडावे लागतात. बाह्यरेषा वरच्या लेयरवर आणि रंग खालच्या लेयरवर असावेत. रेषेत बारीक फट राहिली की भरलेला रंग सगळ्या पार्श्वभूमीवर पसरतो, तेव्हा फाइल बिघडली असे समजून मुले घाबरतात, त्यांना ती फट शोधायला शिकवावे.

रंगसंगती ठरली की चित्राची प्रत करून ती डिसॅच्युरेट करावी, म्हणजे रंग जाऊन फक्त गडद-फिक्या करड्या छटा उरतात. लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेचे दिसू लागले, तर त्यांतला एक फिका करावा लागेल. एवढे झाल्यावर टॅबलेट समोर ठेवून नक्षी कागदावर उतरवावी, गिरवून घेऊ नये. पडदा आपोआप बंद होण्याची अवधी तेवढी आधी वाढवून ठेवावी, नाहीतर दर मिनिटाला रंगाने माखलेली बोटे काचेवर टेकतात.