चिनी नववर्षाच्या आदल्या रात्रीचे ज्याओझ, घरी करायचे तर असे करा

ज्याओझ म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून उकळलेले चिनी डंपलिंग. पहिली गोष्ट, हे एकट्याने करायचं काम नाहीये. बीजिंग, तियानजिन, शानदोंग, वर पार हार्बिनपर्यंत, म्हणजे उत्तर चीनमध्ये, नववर्षाच्या आदल्या रात्री घरातली सगळी माणसं टेबलाभोवती बसून ज्याओझ वळतात, टीव्हीवर १९८३ पासून दरवर्षी लागणारा सरकारी वाहिनीचा मोठा कार्यक्रम चालू असतो, आजी लाटत असते, सुना-मुलं भरत असतात, एकदम आपल्याकडे दिवाळीला करंज्या करायला बसतात तसं. त्यामुळे निदान चार जण जमवा. तारीख दरवर्षी बदलते, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या मध्ये कधीतरी, २०२७ ला नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे म्हणजे वळायचे ५ च्या रात्री. (दक्षिणेत बऱ्याच घरी ज्याओझ नसतात, तिकडे न्येनगाव म्हणजे चिकट तांदळाचा केक असतो, तो वेगळा विषय.)

आधी पीठ. ५०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि साधारण २५० मिली गार पाणी, गरम नाही, कारण हे उकळायचे आहेत आणि गरम पाण्याचं पीठ उकळताना मऊ पडतं. घट्ट मळा, ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवा, परत एकदा मळा. एवढ्यात ५०-६० होतात.

सारण मांसाहारी घरात बहुतेक वेळा डुकराचा खिमा आणि चायनीज कोबीचं असतं. कोबी चिरून मीठ लावून घट्ट पिळायचा, खिम्यात आलं, कांद्याची पात, सोया सॉस घालून एकाच दिशेने चिकट होईपर्यंत फेटायचं, मग कोबी, झालं.

पण मला खरं सांगायचंय ते तियानजिनच्या शाकाहारी ज्याओझबद्दल. तिथे नववर्षाला मुद्दाम बिनमांसाचे ज्याओझ खातात, वर्ष शांत निर्मळ जावं म्हणून, आणि आपल्यातल्या शाकाहारी लोकांना वाटतं चीनमध्ये आपल्याला खायला काहीच नाही, त्यांनी हे करूनच बघावेत. लांब मोडांचे मूग ३०० ग्रॅम घ्या, उकळत्या पाण्यातून काढा, चिरून पिळा. घट्ट टोफू १५० ग्रॅम, तव्यावर कोरडा परतून बारीक चिरा. मुगाच्या शेवया भिजवून चिरा, काळे मशरूम मिळाले तर तेही, आणि कोथिंबीर भरपूर, हात आखडू नका. चव येते ती तिळाच्या पेस्टने आणि आंबवलेल्या लाल टोफूने, एक चमचा पेस्ट आणि लाल टोफूचा एक तुकडा त्याच्या रसासकट कुस्करून. लाल टोफू आशियाई वस्तूंच्या दुकानात बाटलीत मिळतो, त्याला पर्याय नाही. तेल भाजलेल्या तिळाचं हवं, आपलं कच्च्या तिळाचं चालणार नाही. आधी भाज्यांना तेल चोळा आणि मीठ अगदी शेवटी घाला, नाहीतर पाणी सुटून पारी फाटते.

आता लाटणं. पिठाची वळी करा, लाट्या कापा, तळहाताने चपट्या करा. एका हाताने लाटणं फिरवायचं, दुसऱ्या हाताने पारी थोडी थोडी वळवत राहायची, लाटणं कडेवरून मध्यापर्यंतच न्यायचं. कड पातळ, मध्य जाड, हे जमलं की अर्धं काम झालं, कारण मिटताना कड दुहेरी होते. सारण कमीच भरा, मधे दाबा, मग दोन्ही बाजू. पीठ ताजं असेल तर पाणी लावायची गरज नाही. तिकडे वळलेले ज्याओझ ठेवायला ज्वारीच्या ताटांच्या बारीक कांड्या दोऱ्याने शिवून केलेली गोल चकती असते, खालून हवा खेळते म्हणून चिकटत नाहीत. आपल्याकडे मैदा भुरभुरलेलं सुती फडकं घ्या.

एका ज्याओझमध्ये धुतलेलं नाणं लपवायची पद्धत आहे, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. घरात लहान मुलं असतील तर नाणं नको, शेंगदाणा किंवा खजूर घाला, बरीच घरं आता तसंच करतात.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळू द्या, ज्याओझ सोडा आणि लगेच पळीच्या पाठीने तळापासून हळूच ढकला, नाहीतर बुडाला बसतात. उकळी आली की वाटीभर गार पाणी, परत उकळी, परत पाणी, असं मांसाच्या सारणाला तीनदा, शाकाहारीला एकदा पुरतं. एखादा फुटलाच तर त्या रात्री "फुटला" म्हणायचं नाही, "कमाई झाली" म्हणायचं.

पहिला वाडगा बऱ्याच घरी पूर्वजांसमोर ठेवतात, मग वडीलधाऱ्यांना, मग बाकीच्यांना. सोबत काळा तांदळाचा व्हिनेगर आणि त्यात मुरवलेला लसूण, हा लसूण बाराव्या चिनी महिन्याच्या अष्टमीला म्हणजे तीन आठवडे आधी घालतात. आपल्या हवेत सोललेल्या पाकळ्या घालण्याआधी लसूण काही दिवस फ्रीजमध्ये ठेवा, बरणीही थंड जागी. पाकळ्या हिरव्यागार होतात, घाबरून फेकू नका, तसाच हवा असतो तो.

खाऊन झाल्यावर ज्याओझ उकळलेलं पाणी वाडगाभर प्यायचं, पचनाला बरं म्हणून. आणि थोडे मुद्दाम उरवा. वर्षाच्या पहिल्या दिवशी बऱ्याच घरात सुरी आणि झाडू दोन्हींना हात लावत नाहीत, तेव्हा हेच सकाळी तव्यावर थोड्या तेलात बुडाला खरपूस होईपर्यंत भाजून खातात.