वाळूची टेकडी वाचवायची असेल तर आधी वेल लावा, सुरूची झाडं नको

गोव्यातल्या पेडण्यात दर्याच्या बाजूला राहणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, मोरजी, मांद्रे, केरी, कुणीही. पावसाळ्यात दर्या वाळू ओढून नेतो आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो, हे आपण लहानपणापासून बघतोय. पण परत आलेली वाळू वाऱ्याने उडून गावात न येता तिथेच थांबायची असेल तर तिला धरणारं काहीतरी पाहिजे, आणि ते काम मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) आणि रावणाच्या मिशा (टोकदार पानांचं किनाऱ्यावरचं गवत) करतात, फुकटात. आमच्या वाड्यासमोरची टेकडी कुणीतरी शॅकसाठी, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपडीसाठी, जेसीबीने एका दुपारीत सपाट केली, तेव्हापासून मार्च-एप्रिलमध्ये अंगणात रेती येते आणि मला अजून त्याचा राग येतो.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे पाय थांबवणं. लोक एकाच ठिकाणाहून चढउतार करतात, तिथली वेल मरते, मग वारा तीच फट खणत जातो आणि टेकडीला खिंड पडते. म्हणून जायला एकच वाट ठेवा, दोन्ही बाजूंना काठ्या आणि सुंभाची दोरी लावा, आणि वाट सरळ दर्याकडे न काढता थोडी वळणाची काढा म्हणजे वारा सुसाट आत शिरणार नाही. गाडी तर अजिबात चढवू देऊ नका.

वेल लावायला जून-जुलै बेस्ट, दोन पाऊस बरे पडले की. जवळच्याच दाट वेलीची हातभर लांब फांदी घ्या, नीट बघितलं तर प्रत्येक पेरापाशी पांढरी बारीक मुळं फुटलेली दिसतात, तीच आपल्याला हवीत. वरची कोरडी वाळू बाजूला सारून खालच्या ओल्या वाळूत दोन-तीन पेरं आडवी पुरा, शेंडा बाहेर ठेवा, वर पाय देऊन दाबा. एका जागेवरून सगळी वेल ओरबाडू नका. रावणाच्या मिशाही अशाच पेरावरून लागतात, फक्त हातमोजे घाला, ती पानं सुईसारखी टोचतात (त्यामुळेच तिथे कोण चालत नाही, हे वरचं बक्षीस).

जिथे टेकडी फाटलीय तिथे पावसाळा संपल्यावर बांबू रोवून चुडतांचं (माडाच्या झावळ्यांचं) कुंपण घाला, पण अर्धं उघडं अर्धं बंद, कारण पूर्ण भिंत केली तर वारा आपटून पायथ्याचीच वाळू खणतो, फटीतून गेला तर दमतो आणि वाळू तिथेच टाकतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय एक काठीसुद्धा रोवू नका.

आता सुरूच्या झाडांबद्दल. वनखात्याने किनाऱ्यावर खूप लावलेत, पण झाड बाहेरचं आणि त्याच्या सुयांच्या जाड थराखाली वेलीला उगवायला जागाच राहत नाही. उभे आहेत ते तोडा असं मी म्हणत नाही, वाळू एकदम उघडी पडेल, पण नवीन लावू नका. टेकडीच्या मागच्या बाजूला घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपं माजलेली असतात. रानमोडी फुलायच्या आत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात माती ओली असताना मुळासकट उपटा. घाणेरी नुसती छाटली की दुप्पट फुटते, म्हणून जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा. आणि हे सगळं एकदम साफ करू नका, पट्ट्या-पट्ट्याने काढा, जिथे काढलं तिथे निगडी किंवा केवडा लावत चला.

वाळूच्या टेकड्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) एक-ए मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात येतात, सपाटीकरण दिसलं तर लगेच लोकेशनसकट फोटो काढून पंचायत आणि किनारी क्षेत्र प्राधिकरण दोघांकडे लेखी द्या, तोंडी सांगून काय होत नाही.

कुंपणाजवळ एका बांबूवर दर 10 सेंटीमीटरला ऑइलपेंटची खूण करून ठेवा आणि दर महिन्याला बघा वाळू कुठल्या खुणेपर्यंत आली. चुडतं बुडाली की त्याच्या वर नवीन ओळ घाला.