पुस्तक प्रकाशकाकडे पाठवायचं की नाही?

लिहून झालं की लगेच प्रकाशकाचा पत्ता शोधू नका. आधी वाचक कोण, ते ठरवा. गावच्या जत्रेचा किंवा घराण्याचा इतिहास असेल, वाचणारे भावकीतले नि गावचे दोन-तीनशे असतील, तर पुण्यामुंबईचा प्रकाशक तो घेणार नाही. त्याला राज्यभराच्या दुकानांत खपणारं पुस्तक हवं असतं. गावापुरतं पुस्तक साताऱ्यात किंवा सांगलीतच छापून घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. माणदेशातल्या कथांना, तासगावच्या द्राक्षबागेवरच्या अनुभवी लेखनाला मात्र जिल्ह्याबाहेरही वाचक आहे. ते जरूर पाठवावं.

पाठवण्याआधी हस्तलिखित महिनाभर बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेलं असतं. नंतर नात्यातले नसलेल्या दोघांना द्या. ‘कसं वाटलं?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच ऐकायला मिळतं. ‘कुठं वाचायचं थांबवलंत?’ असं विचारा. दोघंही बाविसाव्या पानावर थांबले असतील तर दोष त्या पानाचाच. बहुतेकदा तिथे गोष्ट थांबवून माहिती कोंबलेली असते.

कथा असेल तर पुस्तकाआधी एखादी दिवाळी अंकाला पाठवून बघा. मजकूर जून-जुलैत पोचलेला बरा. एकच कथा एका वेळी दोन अंकांना देऊ नये. संक्रांतीला सांगली जिल्ह्यातल्या औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, तिथे जाऊन बसा. लिहिणारी माणसं भेटतात, कोणता प्रकाशक कसा वागतो ते कळतं.

प्रकाशक निवडायला नगर वाचनालयाचं कपाट पुरतं. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्यासारखी पुस्तकं कुणी काढली, ती नावं टिपून घ्या. कवितासंग्रहांना दारं कमी, हे धरूनच चाला. एक पानी पत्र, सारांश आणि पहिली तीस-चाळीस पानं पाठवा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा टायपिंगमध्ये हवा; श्रीलिपी फॉन्टमधली फाईल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. मूळ प्रत हातची सोडू नका. तीन महिन्यांनी एकदा विचारा, रोज फोन नको.

‘खर्च तुम्ही द्या’ किंवा ‘दोनशे प्रती तुम्हीच घ्या’ असं उत्तर आलं, तर पैसा तुमचा आणि जोखीमही तुमची. नकार द्या, नाहीतर छपाईचा व्यवहार म्हणून सरळ हिशोब मागा. छपाईचा हिशोब फॉर्मवर चालतो; १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे १६० पानांचे १० फॉर्म. कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), प्रती किती, विक्री कोण करणार, सगळं लेखी घ्या. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे मागितले तर देऊ नका; भारतात तो क्रमांक सरकारकडून मोफत मिळतो.

होकार आला तरी ‘सर्व हक्क कायमचे’ या ओळीवर सही करू नका. करारात मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते. अनुवाद, ई-बुक, ऑडिओ, चित्रपट या हक्कांचं वेगवेगळं लिहून घ्या. रॉयल्टी, म्हणजे लेखकाचा वाटा, छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, तेही विचारा. दुकानदाराचं कमिशन वजा झालं की दोन्हींत मोठा फरक पडतो.

पहिलंच पुस्तक असेल तर छपाईची घाई करण्याआधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेच्या अटी वाचून घ्या.